समुद्र वाट देईल तेव्हा

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट दिवसातून दोनदाच असते. एरवी तिचा निम्मा भाग पाण्याखाली असतो. देवळामागच्या पायऱ्या चढून डोंगरावर जाता येतं, झाडीतून पलीकडे उतरताही येतं; पण खालच्या पायरीशी लाटा फुटत असतील तर वाट तिथेच संपते. सहा तासांनी याल तर त्याच जागी काळा, रुंद, ओलसर खडक उघडा पडलेला असतो आणि त्यावरून डोंगराच्या कडेकडेने पुन्हा देवळापाशी पोचता येतं. आपल्याकडे डोंगरातल्या वाटा पावसात मोडतात, गवतात हरवतात, दरडीखाली जातात. पण रोज नाहीशी होणारी आणि रोज परत येणारी अशी वाट फार थोडी आहे. म्हणून तिच्यावरून चालणं मला इतर कुठल्याही भटकंतीपेक्षा वेगळं वाटत आलं आहे.

गाव रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत इथे समुद्राला मिळते. त्याच महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा पूर्वेकडे वळते आणि समुद्र गाठायला तिला चौदाशे किलोमीटर चालावं लागतं. सावित्री मात्र सव्वाशे किलोमीटरच्या आतच खाडी होऊन बसते. खाडीच्या पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला, अलीकडे हरिहरेश्वर. दक्षिण काशी म्हणून या क्षेत्राची ख्याती. पेशव्यांचं हे कुलदैवत. त्यांचं भट घराणं इथून जवळच्याच श्रीवर्धनचं. रिवाज असा की आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं, आणि परत येऊन पुन्हा काळभैरवाचं. म्हणजे डोंगराला वळसा घालण्याआधी देवळातच एक फेरी पुरी होते.

या वाटेला निघायची वेळ घड्याळाला विचारून कळत नाही, तिथीला विचारावी लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री भरती, पहाटे आणि सांजेला ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, गणित तेच. अर्ध्या-पाऊण तासाची चूक यात होऊ शकते, म्हणून आता छापील कोष्टकं आणि मोबाइल बघावेच. पण या हिशोबाचं सौंदर्य कमी होत नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच सरकते, आणि पाऊणपटीत ते सरकणं सामावलेलं आहे. पंचांग घरात असलेल्या कुणालाही समुद्राची वेळ सांगता यावी, इतकं हे ज्ञान सोपं करून ठेवलेलं.

त्यात आणखी एक बारकावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी उंच चढतं, तसंच ओहोटीला लांबवर मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी चढतंही कमी आणि हटतंही कमी. म्हणजे ज्या दिवसांत समुद्र सर्वांत भयंकर दिसतो त्याच दिवसांत तो सर्वांत मोठी वाट मोकळी करून देतो, मात्र पहाटे किंवा संध्याकाळी. शिवाय एका दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. एक जास्त खोल, एक उथळ. हे एकदा कळलं की समुद्राकडे बघण्याची नजर बदलते. लांबून तो एकसारखा वर-खाली होताना दिसतो, पण आजचं पाणी कालच्यासारखं कधीच नसतं.

वाटेची सुरुवात चढाची. देवळामागून पायऱ्या निघतात आणि बघता बघता गावाचा आवाज खाली राहतो. करवंदीच्या जाळ्या, कुडा, अंजनी, मधूनच एखादं काजूचं झाड. सह्याद्रीच्या दाट रानासारखं हे रान नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून येऊ नये. इथे झाडांना मातीही थोडी आणि वाराही खारा. समुद्राच्या बाजूची झुडपं नीट पाहावीत. ती सगळी एकाच दिशेला, जमिनीकडे, कललेली असतात. वाऱ्याने ती वाकली असं आपण म्हणतो. पण वाऱ्याचा जोर हे त्यातलं अर्धंच कारण. समुद्राकडून येणाऱ्या तुषारांत मीठ असतं, त्या बाजूचे कोवळे कोंब ते जाळून टाकतं आणि आडोशाच्या बाजूचे तेवढे वाढतात. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की झाडाचा आकारच वाऱ्याच्या दिशेचा होतो. गुडघ्याएवढी दिसणारी अशी झुडपं आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ म्हातारी असतात. वाढता येत नाही म्हणून ती मेली नाहीत. जेवढी जागा मिठाने ठेवली तेवढ्यात पानं धरली, फुलं आणली, पाखरांना फळं दिली. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात, तेव्हा त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

माथ्यावरून पुढे वाट एका अरुंद खिंडीत शिरते. दोन्ही बाजूंना उंच कातळ, मधून उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि खालच्या टोकाशी समुद्राची एक उभी फट. ऐन दुपारीही इथे गारवा असतो. लाटांचा आवाज कातळांमध्ये घुमून मोठा होतो, त्यामुळे समुद्र दिसण्याआधी त्याचा जोर कानावर येतो. ही खिंड म्हणजे उंबरठा आहे. इथवरची वाट माणसांनी बांधली, पुढची समुद्राची.

खाली उतरलं की लाटांनी कापून काढलेला कातळाचा ओटा लागतो. डोंगराच्या पायथ्याशी युगानुयुगं धडका देऊन समुद्राने कडा मागे मागे सरकवला आणि जाता जाता ही सपाटी मागे ठेवली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर वाहिलेल्या लाव्हाचा हा दगड. उजव्या हाताच्या कड्याकडे पाहिलं तर पाय खिळतात. कड्याच्या अंगावर हजारो खळगे आहेत, एकमेकांना चिकटून, मध्ये पातळ भिंती. कुणी बसून कोरावी तशी सलग जाळी. कोरणारं तेच मीठ आहे. तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडतं, मीठ आत राहतं आणि त्याचे स्फटिक वाढताना दगडाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल टिकते, मग तिथेच झीज वाढते, आणि भिंती राहून जातात. वर डोंगरावर ज्याने झाडांना आकार दिला त्यानेच खाली दगडाला दिला. एका जागी ते कोंब जाळतं, दुसऱ्या जागी कण फोडतं; वर काही पावसाळ्यांत, खाली शतकांच्या हिशोबाने. ही गोष्ट त्या जागी उभं राहून जाणवली की आपली घाई किती लहान आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

ओट्यावर ओहोटीचं मागे राहिलेलं पाणी खळग्याखळग्यांत असतं. त्या प्रत्येकात बिऱ्हाड आहे. शेवाळाच्या झालरी, दगडाच्या रंगाचे खेकडे, शिंपल्या, शंखातून डोकावणारा एखादा जीव, पारदर्शक इवले मासे. सहा तास समुद्रात आणि सहा तास कोंडलेल्या, तापत जाणाऱ्या पाण्यात असं यांचं आयुष्य. खडकाला चिकटलेली कालवं शिंपा घट्ट मिटून आत थोडं समुद्राचं पाणी धरून ठेवतात आणि भरती परत येईपर्यंत त्यावर निभावतात. वाटेत गायत्रीतीर्थ, विष्णुपद, पांडवतीर्थ अशी नावं ऐकू येतात. खडकातल्या प्रत्येक खुणेला कुणीतरी हात जोडले आहेत. मला त्या नावांबद्दल आदर आहे, कारण नाव दिलेल्या जागेवर माणूस सहसा पाय देत नाही. थांबतो, बघतो, बाजूने जातो. त्या छोट्या डबक्यांच्या वाट्याला मात्र एवढं संरक्षण येत नाही. चप्पल घालून त्यात उतरणारे, खेकडा पकडून फोटोपुरता हातात धरणारे पाहिले की मनापासून वाईट वाटतं.

आणि आता सर्वांत जड गोष्ट. या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत. किनाऱ्याच्या लोकांना हे ठाऊक आहे आणि तिथे कुणालाही विचारलं तर त्यांचा आवाज खाली येतो. खडकावर उभं असताना समुद्र दूर, शांत वाटतो. पण लाटा सारख्या मापाच्या येत नाहीत. बराच वेळ लहान लहान येतात, आपण पुढे सरकतो, आणि मग पाठोपाठ दोन-तीन मोठ्या येतात. शेवाळलेल्या कातळावर पाय धरत नाही. शिवाय भरतीचं पाणी समोरून रांगेत चालत येत नाही. ते आधी घळींतून, भेगांतून आत शिरतं, आणि आपण उभे असलेला उंचवटा कोरडा असतानाच मागची वाट बुडलेली असते. म्हणून जाणती माणसं पाणी उतरत असतानाच खाली जातात आणि ते फिरायच्या आत बाहेर पडतात. पावसाळ्यात जातच नाहीत.

अपघातात समुद्राची चूक नसते, आणि बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या धाडसाचीही नसते. अडचण वेळेची असते. मुंबईहून, पुण्याहून गाडी चालवून आलेली मंडळी शनिवारी दुपारी पोचतात. रविवारी परतायचं असतं. तिथी पौर्णिमा असेल तर दुपारी बाराला पाणी पायऱ्यांशी. देवळापाशी फुलं विकणारी बाई सांगते, ‘आत्ता नका जाऊ हो, पाणी भरतंय. संध्याकाळी जा.’ पण संध्याकाळी दिवेआगरला जायचं ठरलेलं असतं. इतक्या लांबून आलो, एवढ्यासाठी कशाला थांबायचं, हा विचार कुणाच्याही मनात येईल. सुट्टी मोजून मिळालेल्या माणसाला थांबणं महाग पडतं, हे मला समजतं. तरीही मला वाटतं, या वाटेने द्यायची सर्वांत मोठी गोष्ट नेमकी तिथेच असते, त्या ‘आत्ता नका जाऊ’मध्ये.

कारण परत फिरणं आपल्या परंपरेत कमीपणाचं मानलेलंच नाही. शिवाच्या देवळात आपण पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या सोमसूत्रापर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या पावली मागे वळायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथवरच यायचं. लहान मुलालाही ही रीत आजीच्या बोटाला धरून चालताना कळते. अर्ध्यावरून वळलो म्हणून प्रदक्षिणा अपुरी राहिली असं कुणी म्हणत नाही. पाण्याची धार आडवी आली की पाय थांबवायचा, एवढीच ती शिस्त. हरिहरेश्वरात भरतीच्या वेळी खिंडीच्या पायथ्याशी उभं राहिलं की मला तेच सोमसूत्र मोठं होऊन समोर आलेलं दिसतं. इथेही पाणी आडवं आलं आहे. इथेही वळायचं आहे. वरच्या पायऱ्यांवरून परत जाणारी प्रदक्षिणा देवाला कमी पोचत असेल, असं मला अजिबात वाटत नाही.

डोंगराभोवती फिरण्याची ही रीतही विचार करण्यासारखी आहे. आपण गडावर चढतो तेव्हा नजर माथ्यावर असते. माथा आला की गड झाला. प्रदक्षिणेत माथ्याला तसं महत्त्व नाही. श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करणारे रात्रभर डोंगराभोवती चालतात. नर्मदेची परिक्रमा करणारे नदी सतत उजव्या हाताला ठेवतात आणि तिचं पात्र ओलांडत नाहीत. जे मोठं आहे ते मध्ये राहू द्यायचं आणि आपण कडेने जायचं. ज्याच्याभोवती फिरलो त्याला हात लावला नाही, त्यातलं काही तोडून आणलं नाही, तरी त्याच्याशी नातं जडतं. हरिहरेश्वरात उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला समुद्र असतो. माणसाच्या वाट्याला मधली चिंचोळी पट्टी येते, आणि तीही काही तासांपुरती.

याच श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. तिथल्या काळकाईची देवराई एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तोडीसाठी आखली गेली होती. आसपासचं रान आधीच गेलेलं. एवढीच झाडी शिल्लक आणि तिच्यातूनच गावाचा ओढा निघत होता. गावकऱ्यांनी देवरायांचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना ही राई वाचवा म्हणून कळवलं. वर्तक आणि माधव गाडगीळ तेव्हा महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून पाहत होते. ते गेले, त्यांनी राई पाहिली, तिच्यासाठी शब्द टाकला आणि तोड थांबली. या दोघांनी देवरायांविषयी पुढे पुष्कळ लिहिलं; पण मला या प्रसंगातलं गावकऱ्यांचं शहाणपण आधी आठवतं. त्यांना देवीही हवी होती आणि पाणीही, आणि त्यांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. राईला मध्ये ठेवून गाव कडेने जगत होतं. झाडं गेली असती तर कोप देवीचा म्हणा, आटलेल्या ओढ्याचा म्हणा, भोगायचा गावानेच होता.

किनाऱ्यावर अशी शिस्त पाळून जगणारे लोक अजून आहेत. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. कायदा नंतर आला. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. माशांच्या विणीचा तो काळ, आणि समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग कोळी पाण्यात उतरतो. ज्याचं पोट समुद्रावर आहे तो दोन महिने थांबतो. ओहोटीला खडकावर कालवं काढायला बसलेल्या बायका पाहा. हात चालू असतात, बोलणं चालू असतं, पण पाणी फिरलं की कुणी कुणाला न सांगता सगळ्या उठतात. टोपलीत आणखी चार कालवं मावली असती म्हणून त्या बसून राहत नाहीत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या झाडांना लागायची ती घराघरांतली वाडवडिलांनी लावलेली झाडं. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. लोकांनी मोडलेली खोडं हटवली, आळी केली आणि पुन्हा रोपं लावली. नोटांच्या हिशोबात या सात वर्षांची भरपाई बसत नाही. पण थांबायची सवय असलेल्या गावाला अशी सात वर्षं काढता येतात, हे खरं आहे. त्या वाड्यांमधून आज चालताना पोफळीची नवी, सडपातळ रांग दिसते, तेव्हा मी लावणाऱ्याला मनात नमस्कार करतो.

हरिहरेश्वरला जाणाऱ्यांसाठी माझी एक इच्छा आहे. देवळामागच्या पहिल्या पायरीपाशी शाळेतल्यासारखा एक काळा फळा असावा आणि रोज सकाळी गावातल्या कुणीतरी त्यावर खडूने तीन गोष्टी लिहाव्यात: आजची तिथी, ओहोटीची वेळ आणि किती वाजेपर्यंत खडकावरून बाहेर पडायचं ते. धोक्याची कायमची पाटी माणूस एकदा वाचतो आणि नंतर ती त्याला दिसेनाशी होते. रोज बदलणारं अक्षर डोळे थांबवतं. ते लिहिणाऱ्या माणसाला महिन्याचं मानधन मिळावं, आणि ते काम शक्यतो गावातल्या शाळकरी मुलांना शिकवून त्यांच्याकडूनही करून घ्यावं, म्हणजे पाऊणपटीचा हिशोब पुढच्या पिढीच्या तोंडी राहील. वेळ निघून गेलेली असेल त्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहावं: आज वरूनच दर्शन, उद्याची ओहोटी आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा, तेव्हा या.